हिरव्या नळ्या, लाल नळ्या आणि मधला अंधार

या ब्लॉगवर मी सहसा एखादा पेपर घेते आणि तो सोप्या भाषेत उलगडून सांगते. आज मात्र थोडं भांडायचं आहे. पेपरांशी कमी, त्यातल्या चित्रांशी जास्त.

आतड्याच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या दाखवणारं अलीकडचं कुठलंही चित्र डोळ्यांसमोर आणा. मागे गडद काळं. त्यावर लाल किंवा किरमिजी रंगाचं, जाळीच्या पिशवीसारखं दिसणारं रक्तवाहिन्यांचं जाळं. त्या पिशवीच्या पोटात एक जाडसर हिरवी नळी, टोकाला बोथट. कोपऱ्यात एक पांढरी रेघ आणि खाली '५० मायक्रोमीटर'. अशी चित्रं जर्नलच्या मुखपृष्ठावर येतात, कॉन्फरन्सच्या बॅनरवर येतात, आमच्या डिपार्टमेंटच्या जिन्यातही दोन फ्रेम करून लावलीयेत. आणि ती खरंच सुंदर असतात. मी स्वतः गेली चार वर्षं हीच चित्रं काढते आहे, तेव्हा आजची तक्रार घरातल्याच माणसाची समजा.

तक्रार एवढीच आहे की या चित्रांकडे आपण फोटो म्हणून बघतो. ते फोटो नसतात.

आधी नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. जुन्या वाचकांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. काही जुन्या पुस्तकांत त्यांना रसांकुर म्हटलेलं सापडेल. माणसात एकेक साधारण अर्धा ते एक मिलिमीटर उंच. प्रत्येकात वरच्या आवरणाला चिकटून केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि मधोमध एक लसीकावाहिनी, वरच्या टोकाला बंद. या मधल्या नळीचं नाव लॅक्टियल. जेवणातली साखर आणि प्रथिनांचे सुटे तुकडे केशवाहिन्यांतून यकृताकडे जातात. तूप-तेलाचं तसं नाही. ते आतड्याच्या पेशींमध्ये कायलोमायक्रॉन नावाच्या बारीक गोळ्यांत बांधलं जातं. या गोळ्या केशवाहिनीच्या भिंतीतून आत शिरायला फार मोठ्या पडतात, म्हणून त्या लॅक्टियलमध्ये शिरतात, तिथून मोठ्या लसीकावाहिन्यांत, मग छातीतल्या नळीतून वर चढून थेट मानेजवळच्या शिरेत. म्हणजे तुम्ही सकाळी खाल्लेलं लोणी यकृताला वळसा घालून आधी मानेशी येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं.

आता चित्रांकडे. रक्ताचं एक बरं असतं, त्याला स्वतःचा रंग आहे. हिमोग्लोबिन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश गिळतं, त्यामुळे काहीही न टोचता रक्तवाहिन्या दिसू शकतात. एंडोस्कोपीत 'नॅरो बँड' नावाची सोय असते, ती हेच करते: ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश टाकायचा, रक्त तो शोषतं, शिरा ठळक होतात. लसीकेला असा रंग नाही. उपाशीपोटी ती जवळजवळ पाण्यासारखी. तेव्हा जिथे जिथे तुम्हाला चित्रात लसीकावाहिनी दिसते, तिथे कुणीतरी ती दिसावी अशी व्यवस्था केलेली असते. ती व्यवस्था काय होती, हा चित्राबद्दलचा पहिला प्रश्न असायला हवा. आणि नेमका तोच प्रश्न चित्राखालच्या ओळीत उत्तर न मिळता राहतो.

हा प्रश्न नवा नाही. या नळ्या ज्यांनी पहिल्यांदा नीट दाखवल्या त्या गास्पारे अझेल्ली यांच्यापासून तो चालत आलाय. २३ जुलै १६२२ रोजी, इटलीत, ते काही मित्रांना एका जिवंत कुत्र्याच्या स्वरयंत्राच्या नसा दाखवत होते. (आज हे वाचवत नाही, पण तेव्हा असंच चाले.) मग पोट उघडलं, तर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं. आधी त्यांना वाटलं या मज्जातंतू असतील. एक दोरा कापला, तर आतून दुधासारखा द्रव आला. पुढे दुसऱ्या कुत्र्यात पाहिलं तर काहीच दिसेना! मग लक्षात आलं की पहिल्या कुत्र्याने नुकतंच भरपेट खाल्लं होतं. खाऊ घालून पुन्हा पाहिलं, पांढऱ्या नळ्या हजर.

मला या गोष्टीत शोधापेक्षा ती दुसऱ्या कुत्र्याची पायरी जास्त आवडते. अझेल्लींनी 'दिसलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा लावला नाही. काय खाल्लं होतं ते विचारलं. चारशे वर्षांनंतर मी असे पेपर वाचते, ज्यात उंदराच्या लॅक्टियलची लांबी-रुंदी दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत दिलेली असते आणि उंदीर उपाशी होता की जेवलेला, हे शोधायला पुरवणी फाइलचं अकरावं पान उघडावं लागतं. कधी तिथेही नसतं.

पण अझेल्लींचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२७ साली मिलानमध्ये छापलं गेलं आणि त्यात लाकडी ठशांनी रंगीत छापलेली मोठी चित्रं होती. शरीररचनेच्या छापील पुस्तकातली रंगीत चित्रं म्हणून ती अगदी पहिल्यांपैकी. त्या काळी सगळे मानत होते की अन्नरस यकृतात जातो आणि तिथे त्याचं रक्त होतं. अझेल्लींनीही त्यांच्या दुधाळ नळ्या शेवटी यकृताकडेच नेल्या. आतड्याजवळचा भाग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पुढचं टोक गॅलेनच्या शिकवणीने पुरवलं. १६५१ मध्ये झाँ पेके यांनी छातीतली नळी दाखवली आणि ते टोक यकृतातून निघून मानेजवळ गेलं. म्हणजे पहिल्याच रंगीत चित्रात हे सगळं होतं: अर्धं पाहिलेलं, अर्धं मानलेलं, आणि दोन्ही एकाच शाईत.

आजची शाई वेगळी आहे. आता आपण अँटीबॉडी वापरतो, म्हणजे ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू, आणि त्याला चमकणारा रंग लावलेला. लसीकावाहिनीसाठी सगळ्यात लाडकं प्रथिन एलवायव्हीई-१, बोलताना आम्ही 'लाइव्ह-वन' म्हणतो. त्याच्या जोडीला पोडोप्लॅनिन, व्हीईजीएफआर-३, आणि पेशीकेंद्रातलं प्रॉक्स-१. तर 'हिरवी नळी म्हणजे लसीकावाहिनी' या वाक्याचा खरा अर्थ असतो: 'इथे लाइव्ह-वन आहे, आपली अँटीबॉडी तिथवर पोचली आहे, आणि मी त्या चॅनलला हिरवा रंग दिला आहे.' तीन वेगळी विधानं. तिन्ही स्वतंत्रपणे चुकू शकतात.

रंगाचं सोडा, तो फक्त सवयीचा भाग आहे. पहिलं विधान घ्या. लाइव्ह-वन काही मॅक्रोफेज पेशींवरही असतं, त्यामुळे आतड्याच्या भिंतीत हिरवे ठिपके विखुरलेले दिसतात आणि उत्साही माणूस ते 'नव्या लसीकावाहिनीचे अंकुर' म्हणून मोजू शकतो. प्रॉक्स-१ आतड्याच्या आवरणातल्या काही स्रावी पेशींतही असतं. उलट बाजूने, मोठ्या, झडपा असलेल्या लसीकावाहिन्यांवर लाइव्ह-वन कमीच असतं. आणि सूज आली, टीएनएफसारखे रेणू वाढले, की लसीकावाहिनीच्या पेशी स्वतःच लाइव्ह-वन आत ओढून घेतात आणि मोडून टाकतात. नळी जागेवर, पाटी गायब.

दुसऱ्या विधानाने माझं एक अख्खं प्रकरण गिळलं. ते सांगतेच.

त्यासाठी 'क्लिअरिंग' समजून घ्यावं लागेल. आतड्याची भिंत पारदर्शक का नसते? तिच्यातलं पाणी, प्रथिनं आणि चरबी प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, प्रथिनं आणि चरबी यांचा त्याहून बराच जास्त. प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा विखुरतो आणि काही अंशी मिलिमीटर आत गेल्यावर सगळा गोंधळ होतो. उपाय तुम्ही भज्यांच्या पुड्यावर पाहिलेला आहे. वर्तमानपत्राला तेल लागलं की तो डाग आरपार दिसू लागतो, कारण कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे तंतूंशी मिळताजुळता अपवर्तनांक असलेलं तेल येतं. क्लिअरिंग म्हणजे हेच, फक्त अवयवासोबत. लाइपझिगच्या वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी शंभर वर्षांपूर्वी विंटरग्रीनचं तेल आणि बेंझिल बेंझोएट यांच्या मिश्रणात अवयव बुडवून ते काचेसारखे केले होते. पहिल्याचा वास तुम्ही पाठदुखीच्या मलमात घेतला असेल, दुसरं खरजेवर लावतात. आमच्या लॅबमध्ये अजूनही कुणी नवीन आलं की विचारतं, 'इथे बाम कुणी लावलाय?' २०१२ नंतर या कल्पनेला पुन्हा बहर आला, नवनवी नावं आली, आणि जोडीला लाइट-शीट मायक्रोस्कोप आला, ज्यात प्रकाशाची पातळ चादर नमुन्यातून आडवी सरकवतात आणि एकेक थर टिपतात.

यातला विरोधाभास माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. सेंद्रिय द्रावकांच्या पद्धतीत नमुना आधी सुकवतात, मग त्यातली चरबी धुऊन टाकतात. म्हणजे चरबी वाहून नेणारी नळी अभ्यासायची, आणि पहिली पायरी काय, तर चरबी काढून टाकणं. वर नमुना आकसतो. पाण्यावर आधारित काही पद्धतींत उलट तो फुगतो. मग एका गटाची लॅक्टियल दुसऱ्या गटाच्या लॅक्टियलपेक्षा रुंद निघाली तर त्यातलं उंदराचं किती आणि बाटलीतल्या द्रावाचं किती? रक्तवाहिनीत आपण जिवंतपणी एखादा चमकणारा रेणू सोडून तिला आतून रंगवू शकतो. लॅक्टियलला सुरुवातीचं तोंडच नाही, ती बंद टोकाची. शिवाय तिची भिंत इतकी पातळ की दाब गेला की ती मिटते. मेलेल्या ऊतीतली लसीकावाहिनी मोजणं म्हणजे हवा गेलेल्या फुग्यावरून वाढदिवस किती मोठा होता ते ठरवणं.

तर माझी गोष्ट. मोठ्या आतड्याला सूज आणलेले उंदीर आणि निरोगी उंदीर, अशी तुलना होती. नमुने पारदर्शक केले, लाइव्ह-वन हिरव्यात, रक्तवाहिन्या किरमिजीत. निरोगी आतड्यात हिरवं जाळं खोल सबम्युकोसापर्यंत पसरलेलं. सुजलेल्यात वरवर दाट आणि खाली जवळजवळ अंधार. सगळ्या उंदरांत तेच. मी पोस्टर केलं: सुजेत आतड्याच्या भिंतीतल्या खोल लसीकावाहिन्या नष्ट होतात. लोक यायचे, म्हणायचे, वा, काय चित्र आहे. कुणी फोन काढून फोटो घ्यायचे. दोन दिवसांत एकानेही अडचणीचा प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न परत आल्यावर सरांनी विचारला. चहा घेता घेता, अगदी सहज.

'अँटीबॉडी आतपर्यंत गेली होती हे कशावरून?'

मी तयार होते. 'सर, पेशीकेंद्राचा डाय आहे ना. तो पार तळापर्यंत चमकतोय.'

'तो डाय केवढा, तुझी अँटीबॉडी केवढी?'

मी गप्प. अँटीबॉडी त्या डायपेक्षा काहीशे पट जड असते. बारक्या पोराला गर्दीतून वाट मिळते म्हणून हत्तीलाही मिळेल, असा माझा पुरावा होता. आणि सुजलेली भिंत जाड होते, पेशींनी ठासून भरते. म्हणजे नेमक्या आजारी नमुन्यांतच अँटीबॉडी अडकण्याची शक्यता जास्त. चूक दोन्ही गटांत सारखी असती तर तुलना तरी वाचली असती. इथे चूकच आजाराच्या मागे मागे चालत होती.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. पारदर्शक केलेले तेच नमुने परत पाण्यात आणले, पातळ काप काढले आणि कापांवर तीच अँटीबॉडी पुन्हा लावली. बऱ्याच ठिकाणी 'नष्ट झालेल्या' वाहिन्या शांतपणे जागेवर होत्या. काही जागी खरंच लाइव्ह-वन नव्हतं, पण शेजारच्या कापावर पोडोप्लॅनिन लावलं तर नळी होतीच, फक्त पाटी गेलेली. एवढं सगळं वजा करून जे उरलं ते पोस्टरच्या शीर्षकाच्या मानाने अगदीच किरकोळ होतं. चार महिन्यांचं विश्लेषण गेलं. त्याहून वाईट वाटलं ते उंदरांचं, कारण त्यांना परत विचारता येत नाही.

हे मी स्वतःला झोडपायला लिहीत नाहीये. त्यानंतर मी जुने पेपर पुन्हा वाचले आणि अँटीबॉडी किती खोल गेली याची तपासणी कुठे कुठे दिलीय ते बघत गेले. आता मला चित्राआधी तेच वाचायची सवय लागलीये. ज्यांनी ती दिलीय त्यांची चित्रं बहुतेकदा थोडी कमी देखणी असतात.

अजून एक जागा, जिथे डोळा हमखास फसतो. त्रिमितीय नमुन्याचे शेकडो थर असतात, छापताना ते एकावर एक दाबून एकच सपाट चित्र करतात, प्रत्येक बिंदूला सगळ्यात तेजस्वी थराची किंमत. उंच इमारतीच्या गच्चीवरून सरळ खाली बघा: उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकमेकांना कापताना दिसतात. तुम्हाला माहीत असतं की वरून खाली उडी मारता येत नाही. सपाट चित्रात हिरवी आणि लाल नळी एकमेकींना टेकलेली दिसली की मात्र 'लसीका आणि रक्त यांचा जोड' असं म्हणायचा मोह होतो. असा दावा दिसला की मी बाजूने काढलेला छेद शोधते. नसेल तर पुढे वाचते, पण विश्वास खिशातच ठेवते.

मेलेल्या ऊतीचं इतकं रडगाणं ऐकून तुम्ही म्हणाल, मग जिवंत उंदरात बघा की! बघतात. आणि त्यातला माझा सगळ्यात आवडता पेपर २०१५ चा, दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेतल्या गटाचा, 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'मधला. त्यांनी लसीकावाहिन्या स्वतःहून हिरव्या चमकतील असे प्रॉक्स-१ चे उंदीर घेतले, स्वतः बांधलेला कॉन्फोकल मायक्रोस्कोप घेतला, आणि जिवंत व्हिलायमध्ये चमकणारं मेदाम्ल सोडून ते पेशीतून, मधल्या जागेतून, लॅक्टियलमध्ये कसं जातं ते प्रत्यक्ष दाखवलं. वर दिसलं काय, तर लॅक्टियल आकुंचन पावते! तिच्याभोवतीचे गुळगुळीत स्नायू ती पिळतात, आणि या स्नायूंचा लगाम स्वायत्त मज्जासंस्थेकडे. अझेल्लींच्या पांढऱ्या दोऱ्यांपासून इथवर येणं ही थोर गोष्ट आहे. इथे अँटीबॉडी पोचली का हा प्रश्नच नाही.

तरीही वाचताना एक गोष्ट खटकली. शीर्षक सांगतं की आकुंचनातूनच चरबीचा निचरा होतो. सारांशात सूर सावध होतो, तिथे आकुंचनाचा निचऱ्याशी थेट संबंध असावा असं वाटतं, एवढंच. या दोन वाक्यांमधलं अंतर हाच संशोधनाचा खरा विषय आहे. नळी आकसते हे दिसतं. चरबी पुढे सरकते हेही दिसतं. पहिल्यामुळे दुसरं किती प्रमाणात होतं, हे बघून कळत नाही, त्यासाठी आकुंचन थांबवून निचरा मोजावा लागतो, आणि स्नायू थांबवणारं कुठलंही औषध फक्त लॅक्टियलच्या स्नायूवर काम करत नाही. आतड्याच्या लाटा, व्हिलायची स्वतःची हालचाल, रक्तप्रवाह, सगळंच बदलतं. शिवाय उंदीर भूल दिलेला असतो, आतडं उघडून आतली बाजू भिंगासमोर धरलेली असते, आणि भूल स्वायत्त मज्जासंस्थेला मोकळं सोडत नाही. आणखी एक: मेदाम्लाला जोडलेला रंग ज्या दिशेने जातो ती दिशा आपण चरबीची मानतो. रंगाचा रेणू मेदाम्लावर शेपटीसारखा लटकलेला असतो, आणि ते मेदाम्ल पेशीने मोडलं तरी रंग चमकतच राहतो. या कशानेही पेपर खोटा ठरत नाही. पण शीर्षक मला सारांशाच्या सुरात हवं होतं.

याच पंगतीतला दुसरा पेपर तुम्ही बातम्यांत वाचला असेल, २०१८ चा, 'सायन्स'मधला, येलच्या गटाचा. लॅक्टियलच्या पेशी एकमेकींना दोन तऱ्हेने जोडलेल्या असू शकतात: बटणांसारख्या सुट्या सुट्या, म्हणजे मधल्या फटींतून कायलोमायक्रॉन आत, किंवा चेनसारख्या सलग, म्हणजे दार बंद. या गटाने वाहिन्यांच्या पेशींतले न्यूरोपिलिन-१ आणि एफएलटी-१ असे दोन जीन काढून टाकले, बटणांच्या चेन झाल्या, आणि हे उंदीर भरपूर चरबी खाऊनही लठ्ठ झाले नाहीत. बातम्यांनी लगेच 'खा आणि बारीक राहा' सुरू केलं. पेपर बातम्यांपेक्षा कितीतरी शहाणा आहे: त्यांनी चित्रावर न थांबता चरबीचं शोषण मोजलं, वजन मोजलं. माझी शंका एवढीच, की जीन फक्त लसीकावाहिन्यांतून काढले नव्हते, रक्तवाहिन्यांच्या पेशीही त्यात होत्या. ज्या चित्राने आपल्याला पटतं ते हिरव्या नळीचं आहे, म्हणून श्रेयही सगळं हिरव्या नळीला मिळतं. शेजारचं किरमिजी जाळं काय करत होतं, ते आपण विचारत नाही, कारण त्या चित्रात ते पार्श्वभूमीला गेलंय.

रंगच लावायचा नाही, अशीही एक वाट आहे. ऑप्टिकल कोहरन्स टोमोग्राफी, ओसीटी, जी डोळ्याच्या दवाखान्यात तुमच्या रेटिनावर करतात, तीच आतड्यावर. रक्तवाहिनी ती हालचालीवरून ओळखते: लागोपाठ टिपलेल्या चित्रांत जिथे लाल पेशी धावल्यामुळे फरक पडतो तिथे रक्त. लसीका संथ असते आणि तिच्यात पेशी कमी, त्यामुळे ती या पद्धतीत दिसतच नाही. तिला वेगळ्या नियमाने पकडतात: जिथून प्रकाश परत येत नाही अशी काळी नळी म्हणजे लसीका. त्वचेत, गाठींच्या आसपास हा नियम चांगला चालतो. आतड्यात मात्र मला यावर हसू येतं, कारण हा नियम पाळायचा तर उंदराला उपाशीच ठेवावं लागेल. जेवणानंतर लॅक्टियलमध्ये दूध असतं आणि दूध प्रकाश भरपूर विखुरतं, म्हणून तर ते पांढरं दिसतं! म्हणजे नळी जेव्हा तिचं खरं काम करत असते नेमकी तेव्हाच ती या नियमातून निसटते. आणि काळं जे जे दिसतं ते लसीका असेलच असंही नाही. सुजेने भिंतीत साचलेलं पाणीही काळंच दिसतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं उंदरांचं चाललंय, आमचा काय संबंध. संबंध ऑपरेशन टेबलावर येतो. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग १९५९ पासून अमेरिकेत माणसांसाठी मान्य आहे. आतड्याचा कर्करोगाचा तुकडा काढून दोन टोकं जोडताना सर्जन हा रंग शिरेतून देतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघतात, टोक चमकलं म्हणजे रक्त पोचतंय, शिवायला हरकत नाही. तोच रंग आतड्याच्या भिंतीत टोचला तर तो लसीकावाहिन्यांतून जातो आणि गाठी उजळतो. रंग एकच, कॅमेरा एकच, हिरवा उजेडही एकच. रक्त की लसीका, हे फक्त सुई कुठे टोचली त्यावरून कळतं. आणि 'चमकलं' म्हणजे किती चमकलं? अनेक ठिकाणी ते अजूनही पडद्याकडे बघून ठरतं, कॅमेरा किती अंतरावर धरलाय आणि रंग देऊन किती सेकंद झालेत यावर बदलतं. जरा थांबलं की शेजारच्या चांगल्या भागातला रंग हळूहळू कमी रक्ताच्या भागातही झिरपतो आणि तोही उजळ दिसतो. मोठ्या चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत: अमेरिकेतल्या पिलार-३ मध्ये जोड गळण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, तर जपानच्या एसेन्शिअल चाचणीत ते ११.८ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आलं. टेबलावर झोपलेल्या माणसासाठी जोड गळणं म्हणजे पोटात विष्ठा, दुसरं ऑपरेशन, कधी जीव. तिथे 'सुंदर चित्र आहे' याला काही अर्थ नसतो.

म्हणून मला चित्राखालची ओळ महत्त्वाची वाटते. आतड्याचा कुठला भाग, प्राणी उपाशी की जेवलेला, नमुना किती आकसला, अँटीबॉडी किती खोल पोचली आणि ते कसं तपासलं, किती थर दाबून चित्र सपाट केलं. यातलं काहीही गुपित नसतं, सगळं वहीत लिहिलेलं असतं. जर्नलं जागेचं कारण देतात. मुखपृष्ठाला जागा असते तर दोन ओळींना का नसावी, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या थीसिसमध्ये ते पोस्टरवरचं चित्र अजून आहे. काढून टाकावं असं वाटलं होतं, पण सर म्हणाले, राहू दे, शेजारी दुसरं लाव. आता डावीकडे ते जुनं, खाली अंधार असलेलं, आणि उजवीकडे त्याच नमुन्याचा पुन्हा रंगवलेला काप, कडा फाटलेला, रंग जरा फिका, एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा. त्या कापात सबम्युकोसाच्या तळाशी सात हिरव्या नळ्या आहेत. परवा प्रिंट काढून बघितली तर सातवी छपाईत दिसेना. उद्या पुन्हा काढायला टाकणार आहे.